२१६ नगांची पेटी घेऊ, ब्रँडेड पाने घेऊ की उस्तादांची जुनी हत्यारं?

पत्र थोडक्यात असं आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातला २४ वर्षांचा मुलगा, आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केला, मग पाच वर्षं बेळगावात एका गॅरेजमध्ये काम केलं, आणि आता दसऱ्याला गावाजवळ रस्त्याकडेला स्वतःचं गॅरेज टाकतोय. जास्त करून टू-व्हीलर येणार, अधूनमधून गावातल्या मारुती, उसाच्या दिवसात ट्रॅक्टर. इतके दिवस सगळी हत्यारं मालकाची होती, स्वतःचा एक पानासुद्धा नाही. भिशीचे २० हजार हातात आहेत आणि आई म्हणते पाटली गहाण ठेवून अजून १५ हजार उभे करू. मोठा भाऊ म्हणतो ऑनलाइन २१६ नगांचा सेट १८ हजाराला आहे, ईएमआयवर मिळतोय, चकचकीत पेटी उघडली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. मित्र म्हणतो तो सगळा चायना माल, महिन्यात फुटेल, घ्यायचं तर ब्रँडेडच घे. आणि गावातले एक म्हातारे मेस्त्री, ज्यांच्याकडे हा शाळेत असताना सुट्टीत जाऊन बसायचा, ते गॅरेज बंद करतायत आणि सगळी हत्यारं ९ हजाराला देतो म्हणतात, पण ग्रीस लागलेली जुनी हत्यारं मांडून नवीन दुकान उघडायला ह्याला कसंतरी वाटतंय. तो विचारतो, "काका, पहिल्या दिवसापासून पूर्ण सेट नसला तर लोक काय म्हणतील? कमी पैशात चांगलं म्हणजे नेमकं काय घेऊ?"

सगळ्यात आधी पाटलीचं सांगतो, ती आईच्या हातातच राहू दे. तुझ्या कामाला सुरुवातीला लागणारी हत्यारं २० हजारात बसतात आणि त्यातलेही काही उरतात, ते उरलेले तुला ऑइल, केबल, प्लग, क्लच प्लेट, ट्यूब असा माल भरायला लागणार आहेत, आणि त्या मालाचा हिशोब तुझ्या पत्रात कुठेच नाही. पत्रभर नुसती हत्यारं. कळतं मला ते, पाच वर्षं दुसऱ्याच्या पान्यांनी काम केलं की आपली पेटी कधी होणार ह्याचीच ओढ लागलेली असते, मीपण त्यातनंच गेलोय.

तू तीन पर्याय लिहिलेस आणि तिन्हीतला एकच घ्यायचा असं तूच ठरवून बसलायस. असं कुणी सांगितलं? हत्यारं म्हणजे काय लग्नाचा बस्ता आहे का, एकाच दुकानात एकाच दिवशी बांधायला? तिन्हीकडनं थोडं थोडं घेता येतं, फक्त कुठनं काय घ्यायचं ते कळायला पाहिजे, त्याचंच आता बोलतो.

त्या २१६ नगांच्या फोटोखाली यादी असते बघ, ती एकदा कागदावर उतरवून काढ. १० ची गोटी (सॉकेट) पाव इंची ड्राईव्हला, म्हणजे गोटी बसते त्या चौकोनी टोकाला, एक, तीन सुती (तीन अष्टमांश इंची) ड्राईव्हला एक, अर्धा इंचीला एक, परत लांब गोट्या वेगळ्या, म्हणजे एकच माप चार-पाच वेळा मोजलं. मग इंची मापाच्या गोट्या, पाच सोळांश, सात सोळांश वगैरे, ज्या तुझ्याकडे येणाऱ्या स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, वॅगन आर ह्यातल्या एकालाही लागत नाहीत, एखादा जुना ट्रॅक्टर आला तरच. मग पन्नास-साठ बिटं, प्रत्येक बिट एक नग. ॲलन की, प्रत्येक एक नग. ही यादी तू तुझ्या कामाच्या हिशोबाने गाळलीस तर हातात पंचवीस-तीस नग राहतील, आणि १८ हजार तू त्या पंचवीस-तीसांचे देणार. त्यात रिंग पाना किती, टी पाना किती, तेही बघ, बऱ्याच पेट्यांत टी पाना नसतोच, आणि टू-व्हीलरवाल्याचं अर्धं काम टी पान्यावर चालतं हे तुला मी सांगायला नको.

आता एक काम कर. दसऱ्यापर्यंत तू मालकाकडे आहेस तर रोज संध्याकाळी हात धुवायच्या आधी वहीत लिहायचं, आज कुठला पाना किती वेळा उचलला. अंदाजाने लिही, पण रोज लिही. पंधरा दिवसांत तुला कळेल की ८, १०, १२, १४, १७, १९ ह्या सहा मापांत जवळजवळ सगळं काम झालंय. ह्याला कारण आहे. ६ एमएमच्या बोल्टचं डोकं १० चं असतं. ८ एमएमच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीत १२ चं, आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घेतलास तर १३ चं. १० एमएमचं जपानी डोकं १४ चं, जुन्या जर्मन मापात १७ चं, नवीन आंतरराष्ट्रीय मापात १६ चं. १२ एमएमला तसंच १७, १९ आणि १८. हिरो, होंडा, यामाहा, सुझुकी, मारुती ह्या सगळ्या जपानी घराण्यातल्या, म्हणून १०-१२-१४-१७ ची रांग. टाटाची गाडी किंवा स्कोडा, फोक्सवॅगन आली की १३, १६, १८ जास्त निघायला लागतात. आणि स्प्लेंडरवर कधी १३ चं डोकं दिसलं तर समज की मूळ बोल्ट कुणीतरी हरवून दुकानातला बसवलाय, तिथे आटे पण एकदा तपासून घे.

म्हणजे बघ, ती सहा-आठ मापं तुझं पोट भरणार आहेत. ह्या मापांत पैसा घाल, जी वर्षातनं दोनदा लागणार त्यात घालू नकोस. १०, १२ आणि १४ तर डबल ठेव, एक चांगल्यातली आणि एक साधी.

चांगल्यातली म्हणजे काय, ते सांगतो, आणि त्यासाठी माझ्या उजव्या हाताकडे जायला लागतं. १९९० च्या आसपास मी उद्यमबागकडच्या एका वर्कशॉपात होतो. एका जीपच्या पाट्यांचा यू-बोल्ट सोडवायचा होता, गंजून एकजीव झालेला, आणि माझ्याकडे होती बारा कोनी १७ ची गोटी, रस्त्यावरच्या गाड्यावरनं घेतलेली. जोर लावला, नट हलला नाही पण गोटी त्याच्यावर फिरली, आणि माझी बोटं सगळ्या जोरानिशी पाट्यावर गेली. मधल्या बोटाच्या पेरावर अजून पांढरी रेघ आहे. ते एक झालं. दुसरं म्हणजे नटाचे सहाच्या सहा कोपरे गोल झाले, मग छिन्नी-हातोडीने तो फोडायला आम्हाला दुपार लागली, शेजारचा ब्रेक पाइप चेपला, तो बदलून द्यायला लागला. गोटीत वाचवले होते वीसेक रुपये.

तर, गोटी सहा कोनीच घ्यायची. बारा कोनी गोटी नटाला त्याच्या कोपऱ्यापाशी धरते, आणि कोपरा हीच नटाची सगळ्यात नाजूक जागा. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर दाबते. चांगल्या गोट्यांत आतल्या कोपऱ्यात छोटी गोलसर खाच काढलेली असते, म्हणजे नटाचा कोपरा गोटीला टेकतच नाही, सगळा जोर सपाटीवर जातो. नवीन नट असेल तर कुठलीही गोटी चालते रे, पण तुझ्याकडे नवीन नट येणार नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुला माहितीय, आणि चोर्ला घाटातनं गोव्याला येजा करणाऱ्या गाड्या खालनं कशा असतात तेही तू बघितलंयस. गंजलेल्या नटाची सपाटी आधीच खाल्लेली असते, माप अर्धा मिलिमीटर कमी झालेलं असतं, तिथे ढिली बारा कोनी गोटी लावली की माझ्या बोटाचं झालं तेच होणार. बारा कोनी रिंग पाना ठेव, तो अडचणीच्या जागी लागतोच, पण घट्ट बोल्ट पहिल्यांदा सैल करायला सहा कोनी गोटी.

दुकानात जाताना खिशात दोन कोरे बोल्ट घेऊन जा, एक १० च्या डोक्याचा आणि एक १२ च्या. हे मी कुणालाही सांगतो, गाडीचं काम घरी स्वतः करणाऱ्यांना सुद्धा. गोटी बोल्टवर बसव आणि बोटाने डावी-उजवी हलव. थोडी हलणारच, पण खुळखुळायला लागली तर परत दे. मग गोटीचं तोंड उजेडाकडे करून आत बघ. तोंडाच्या कडेला आत उतार दिलेला असतो, बोल्टवर पटकन बसावी म्हणून. स्वस्त गोट्यांत हा उतार खूप खोल असतो, त्यामुळे पातळ डोक्याचा बोल्ट गोटीत जेमतेम अर्धा धरला जातो आणि तिथेच निसटतो. भिंतीची जाडी चारी बाजूला सारखी आहे का बघ, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ असेल तर भोक मध्यावर नाही, ती तडकणार. आतल्या सपाटीवर क्रोमचे पापुद्रे दिसले तर घेऊच नकोस, तो पापुद्रा सुटला की ब्लेडसारखा बोटात शिरतो.

रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचं टिकटिक करणारं हँडल, वेगळं सांगायला लागतं कारण पेटीत सगळ्यात आधी मरतं ते रॅचेट. हातात घेऊन पूर्ण एक फेरा फिरव आणि टिकटिक मोज. २४ दात असतील तर एका टिकला १५ अंश हँडल हलवायला लागतं, ७२ असतील तर ५ अंशात काम होतं, आणि स्कूटरच्या बॉडीत हात घातल्यावर ५ अंश आणि १५ अंशातला फरक तुला लगेच कळेल. पण ७२ दात म्हणजे बारीक दात, ते स्वस्त लोखंडात केले तर तुटतात. म्हणून पैसे कुठे घालू असं विचारशील तर इथे घाल, तीन सुती ड्राईव्हचं एक रॅचेट, ब्रँडेड, बिलासकट, आणि त्याचा रिपेअर किट मिळतो का ते विचारून. अजून एक बघ, बोल्ट बोटाने सैल असताना रॅचेट उलटं फिरवलं तर बोल्टच त्याच्याबरोबर मागे यायला नको. येत असेल तर आतली कुत्री (दातांत अडकणारा तुकडा) जड आहे, काम करताना जीव जाईल. आणि रॅचेटला पाइप लावायचा नाही, कधीच नाही. घट्ट असेल ते टॉमी बारने (लांब साध्या दांड्याने) मोडायचं, रॅचेट फक्त फिरवायला.

मित्राचं "सगळा चायना माल" हे म्हणणं मला अर्धं पटतं. चायनात चांगलं पण बनतं आणि टाकाऊ पण बनतं, घेणारी कंपनी काय मागते त्याच्यावर आहे ते. आणि आपल्याकडचंही तसंच, जालंधर, लुधियानाची हत्यारं बाहेरच्या देशांत जातात, आणि त्याच गल्लीतनं रस्त्यावरच्या गाड्यावरचा माल पण येतो. क्रोम व्हॅनेडियम हे अक्षर सगळ्यांच्यावर असतं, अक्षर मारायला काही लागत नाही. पान्यांवर आयएस २०२८ किंवा रिंग पान्यांवर आयएस २०२९ लिहिलेलं बघ, ती आपली भारतीय मानकं, पण तेही ओळखीच्या दुकानातनं घेतलं तरच अर्थ. टपारिया, झलानी, स्टॅनले, डी नीर्स ह्यातलं कुठलंही तू घेतलंस तर पाने आणि गोट्यांत फार फसणार नाहीस. ह्यांच्या नावाच्या नकला पण फिरतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे करून, म्हणून पक्कं बिल घे. बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला की जिवावर येतं, पण बिलाशिवाय बदलून कोण देणार?

कोल्हापूरला स्वस्त मिळतं म्हणून लोक शंभर-सव्वाशे किलोमीटर जातात. एकदम २० हजाराची खरेदी असेल तर जा की, पण मला विचारशील तर गोट्या आणि रॅचेट बेळगावातनं घे, जिथे तू गॅरेजचं सामान आणायला तसाही आठवड्यातनं एकदा जाणार. गोटी तडकली की पुढच्या फेरीला दाखवून बदलून आणता येते. ऑनलाइन घेतलेली पेटी परत करायची मुदत थोड्या दिवसांची, आणि हत्यार काय पहिल्या आठवड्यात तडकत नाही, ते तडकतं पावसाळ्यात.

आता तुझ्या म्हाताऱ्या उस्तादांचं. पत्रात तू त्यांच्याबद्दल चारच ओळी लिहिल्यास आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या चार ओळींत आहे. ९ हजारात ते नेमकं काय काय देतायत ह्याची यादी तू केलीच नाहीस. जुनी पेटी म्हणजे नुसते पाने नसतात. त्यात बेंच व्हाईस असणार. इंजिनाचा मॅग्नेट ओढून काढायचे मॅग्नेट पुलर असणार, वेगवेगळ्या गाड्यांचे वेगवेगळे. क्लच होल्डर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, बेअरिंग पुलर, फिलर गेज, डाय-टॅपचा डबा, चेन तोडायचं हत्यार. ह्यातलं एकही त्या २१६ नगांत नाही! मॅग्नेट पुलर नसेल तर इंजिनकाम आलं की तू मागे मालकाकडे मागायला जाणार, आणि नवीन व्हाईस घ्यायला गेलास तर एकट्या व्हाईसला किती लागतात ते विचारून ये. जुना ओतीव व्हाईस, जबडे सरळ असतील आणि स्क्रूला फार खेळ नसेल, तर तो तुझ्या पोरांच्या काळापर्यंत चालेल.

जाऊन बस त्यांच्याकडे एक दुपार आणि प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघ. फिक्स पान्याचं तोंड फाकलंय का ते तुझ्या कोऱ्या बोल्टवर लावून बघ, फाकलेला पाना बाजूला ठेव. रिंगच्या आतले कोपरे बोटाने चाचपून बघ, धार लागली पाहिजे. मी एकदा असाच जुना १२-१३ चा रिंग पाना हातात घेतला होता, मधला दांडा अंगठ्याच्या जागी इतका गुळगुळीत झालेला की नंबर वाचता येत नव्हता, तोंड मात्र कोऱ्या बोल्टवर नवीन असल्यासारखं बसलं. तीस-चाळीस वर्षं वापरून जो पाना फाकला नाही तो आता फाकणार नाही, एवढी खात्री कुठला नवीन पाना देतो? छिन्नीचं आणि पंचाचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं असेल तर आधी ग्राइंडरवर मारून घे, तसंच वापरलंस तर तुकडा उडून डोळ्यात जातो. जुनं रॅचेट मात्र घेऊ नकोस, आणि जुने स्क्रू ड्रायव्हरही नकोत.

स्क्रू ड्रायव्हर नको म्हणतो त्याला कारण आहे. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू आपल्या साध्या फिलिप्सपेक्षा वेगळे असतात, दिसायला सारखे, पण साधा फिलिप्स त्यात पूर्ण खाली बसत नाही आणि जोर लावला की वर चढून डोकं खातो. कार्ब्युरेटरचे, साइड कव्हरचे, मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे स्क्रू असेच खराब होतात आणि मग सगळे म्हणतात स्क्रू मऊ होता. बऱ्याच वेळा त्या स्क्रूच्या डोक्यावर चौफुलीच्या बाजूला छोटा ठिपका असतो, तो दिसला की जपानी समजायचं. त्यासाठी जेआयएस (जपानी मानक) टोकाचा एक २ नंबरचा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घे. दोन्ही मिळून फार नाही, पण पहिल्या महिन्यात वसूल होतं. स्क्रू फोडून काढायचा पेशन्स कुणाकडे नसतो, गिऱ्हाइकाकडे तर नसतोच.

भाऊ म्हणतो पेटी बघून विश्वास बसतो. त्याचं अगदीच चूक नाही, स्वच्छ मांडलेली हत्यारं बघून माणसाला बरं वाटतंच. पण उस्तादांची हत्यारं डिझेलमध्ये एक रात्र ठेव, तारेच्या ब्रशने घास, पुसून पातळ ऑइलचा हात फिरव आणि प्लायवुडवर खिळे मारून मापाप्रमाणे टांग, प्रत्येक पान्याच्या मागे पेंटने त्याची आकृती काढ. संध्याकाळी दुकान बंद करताना कुठली जागा रिकामी आहे ते एका नजरेत दिसतं. १० ची गोटी इंजिनखाली राहून गेली तर ती गाडी गावाबाहेर जायच्या आत कळतं. आमच्याकडे पावसात अशी पाटी भिंतीला टेकवली तर ओल चढते, म्हणून मागे दोन रिपा मारून हवा खेळती ठेव.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायच्या पान्याबद्दल, तू विचारलं नाहीस, बरेच विचारत नाहीत. कारच्या चाकाच्या नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, गाडीप्रमाणे वेगळं, मॅन्युअलमध्ये असतं. १०० न्यूटन मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या हँडलच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. आपल्याकडे पायाने उभं राहून आवळतात, म्हणजे ५०-६० किलो, आणि मग रस्त्यात पंक्चर झालं की त्या माणसाला नट सुटत नाही, नाहीतर स्टड तुटतो. टू-व्हीलरला तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचे आटे गेले की तुझी दोन दिवसांची कमाई गेली. आधी एक अर्धा इंची टॉर्क रेंच चाकांसाठी, दुसरा छोटा पुढच्या वर्षी. वापरून झाला की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचा, आणि त्याने कधी बोल्ट सोडवायचा नाही. वर्षातनं एकदा किंवा ५ हजार वेळा आवळून झालं की कॅलिब्रेशन करून घ्यायचं.

इम्पॅक्ट गन (धक्के देऊन नट फिरवायचं मशीन) आत्ता नको. कधी घेतलीस तर तिच्यावर काळ्या रंगाच्या, क्रोम-मोलिब्डेनमच्या जाड गोट्याच लावायच्या. चकचकीत क्रोम गोटी गनवर लावली तर ती कधीतरी फुटते आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ट्रॅक्टरसाठी पाऊण इंची ड्राईव्हचं काही घेऊ नकोस, हंगामात महिना-दीड महिना लागतं, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडनं मागून आण, त्याच्या बदल्यात त्याचं काम कर. त्याऐवजी एक बरा मल्टिमीटर घे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, तुझ्याकडे येणाऱ्या नवीन गाड्या इंजेक्शनच्या असणार, आणि त्यातला निम्मा बिघाड वायरीत, सेन्सरमध्ये नाहीतर बॅटरीत असतो, तिथे पाना चालत नाही.

पैशाचं. "नो कॉस्ट" म्हणणाऱ्या ईएमआयमध्ये बहुतेक वेळा रोखीवर मिळणारी सूट जाते आणि वर प्रोसेसिंग फी लागते, शेवटचा आकडा बघितल्याशिवाय बटण दाबू नकोस. कर्ज लागलंच तर बँकेत मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारापर्यंत मिळतं, तारण लागत नाही, गॅरेजला ते चालतं. पीएम विश्वकर्मामधनं १५ हजाराचं टूलकिट मिळवून देतो म्हणून कुणी एजंट आला तर त्याला पैसे देऊ नकोस, सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत, लोहार आहे, कुलूपवाला आहे, मोटर मेकॅनिक नाही.

तर तुझे २० हजार मी असे मांडले असते. उस्तादांना ९ हजार, आणि रॅचेट, स्क्रू ड्रायव्हर, खराब पाने नको म्हणालास म्हणून घासाघीस करू नकोस, त्यांनी सगळ्याचाच एक भाव सांगितलाय आणि व्हाईस, मॅग्नेट पुलर त्यातच येतायत. पाच हजाराच्या आत तीन सुती ड्राईव्हचं चांगलं रॅचेट, ८ ते १९ च्या सहा कोनी गोट्या, १६ ची लांब प्लग गोटी (स्प्लेंडरच्या प्लगला १६ च लागते), दोन एक्स्टेंशन, आणि ८, १०, १२ चे टी पाने. दोन-अडीच हजारात जेआयएस स्क्रू ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, मल्टिमीटर. उरलेले मालाला. टॉर्क रेंच पहिल्या दोन महिन्यांच्या कमाईतनं, आणि तोपर्यंत कार आली तर चाकाचे नट हाताने आवळ, पायाने नाही. भाव दुकानात थोडे इकडेतिकडे होतील, पण पाटलीपर्यंत जायची वेळ येत नाही.

उस्तादांकडे जाताना त्यांना एक विचार, ह्यातलं कुठलं हत्यार तुम्ही स्वतःच्या हाताने केलंय. जुन्या मेस्त्रींच्या पेटीत एखादा तरी पाना वाकवून, घासून, वेल्डिंग करून केलेला असतो, ज्या बोल्टला दुसरं काही पोचत नाही त्याच्यासाठी. तो कशाला लागतो ते लिहून घे, त्यांच्यासमोर, कारण नंतर सांगायला कोण नसणार. आणि भावाला बरोबर घेऊन जा, व्हाईस एकट्याने उचलायचा नसतो. त्याला चकचकीत सेट पाहिजे होता ना, तो उस्तादांचा एखादा गुळगुळीत झालेला रिंग पाना आणि तुझ्या खिशातला कोरा बोल्ट, दोन्ही त्याच्या हातात दे आणि म्हणावं, बसवून बघ.